घाटापलीकडची माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरून कोणी विदुषी बोलावण्याची रीत आहे. यंदा कार्यकारिणीने ठरवले की मंडळातल्याच एकीने बोलावे, आणि चिठ्ठी नेमकी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माहेर धुळे जिल्ह्यातले, सासर जळगावचे. आजवर या व्यासपीठावर मी चढले ती सतरंजी घालायला आणि माईकची वायर सोडवायला. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर पदरात घ्यावे.

विषय मात्र मी माझा मीच निवडला आहे. आपला वर्धापनदिन डिसेंबरात येतो आणि १० डिसेंबर हा जगभर मानवी हक्क दिन म्हणून पाळतात. ‘मानवी हक्क’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, हे वकिलांचे, मोठ्या माणसांचे काम. आपल्या स्वयंपाकघराशी त्याचा काय संबंध? मलाही तसेच वाटत असे. पण हा विषय माझ्या आजीच्या दारापर्यंत येऊन गेला होता, हे मला फार उशिरा कळले. तेच आज सांगणार आहे.

मागच्या १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त वाचन ठेवले होते. तेव्हा एका भगिनीने विचारले, “हा मराठवाड्याचा दिवस, आपण खानदेशवाल्यांनी का पाळायचा?” प्रश्न रास्त होता. पण चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगर दिसतो ना, त्या डोंगरावर १९४८ सालापर्यंत आपला मुलूख संपत होता. घाट चढून कन्नडकडे गेले की निजामाचे राज्य. आपली जुनी माणसे त्याला ‘मोगलाई’ म्हणत. तिकडे नाणे वेगळे, हाली सिक्का. माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरायची. पण देव तोच, भाकरी तीच, आणि सोयरिकी घाटाच्या दोन्ही अंगांना. पाटणादेवीला नवस फेडायला वरची माणसेही उतरत आणि खालचीही जात.

आता थोडा इतिहास सांगते. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिच्याकडून मी तो वाचून घेतला. हैदराबाद संस्थान हे सोळा जिल्ह्यांचे. त्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख. शंभरातले पंच्याऐंशी लोक हिंदू, आणि राज्य निजाम मीर उस्मान अली खान यांचे. इंग्रज जाणार हे ठरताच जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केले की मी भारतात येणार नाही, माझे राज्य स्वतंत्र राहील. सभोवार भारत, आणि मध्येच एक राज्य आपले वेगळे निशाण लावून बसलेले! २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. परंतु लोकांना विचारले कोणी? स्टेट काँग्रेसवर १९३८ साली स्थापनेच्या वेळीच बंदी घातली होती, ती १९४६ पर्यंत चालली. स्वामी रामानंद तीर्थ यांनी लोकांना सांगितले की भारतात सामील व्हा म्हणून मागणी करा, तिरंगा लावा. तर स्वातंत्र्याच्या दिवशीच त्यांना तुरुंगात जावे लागले. आपल्याकडे १५ ऑगस्टला साखर वाटली जात होती, आणि घाटावर तिरंगा लावणे हा गुन्हा होता.

मग रझाकार आले. त्यांचा पुढारी लातूरचा एक वकील, कासीम रझवी. हातात शस्त्रे, पाठीशी सरकारचा काणाडोळा. गावे लुटणे, घरे जाळणे, बायकांची अब्रू घेणे, काही बाकी ठेवले नाही. बिदर जिल्ह्यात गोर्टा नावाचे गाव आहे, तिथे मे १९४८ मध्ये केलेले हत्याकांड आजही लोक विसरलेले नाहीत. लोकही गप्प बसले नाहीत. सरहद्दीवर छावण्या पडल्या, तरुण पोरे प्राणावर उदार होऊन झगडली. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी तर घोड्यावर बसून या लढ्यात काम केले. आपल्यासारखीच शेतकऱ्याच्या घरची बाई ती!

आणखी एक नाव तुम्ही लक्षात ठेवावे अशी माझी विनंती आहे. शोएबुल्ला खान. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचे उर्दू दैनिक काढणारा तरुण संपादक. स्वतः मुसलमान असून त्याने लिहिले की रझाकारांचा जुलूम थांबला पाहिजे आणि हैदराबादने भारतात यावे. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याला रस्त्यात गाठून ठार मारले, आणि ज्या हाताने तो लिहीत होता तो हातही तोडला. म्हणजे हा तंटा केवळ हिंदू आणि मुसलमान असा नव्हता. एका बाजूला जुलूम करणारे होते आणि दुसऱ्या बाजूला त्याला नाही म्हणणारे, आणि नाही म्हणणाऱ्यांत दोन्ही धर्मांची माणसे होती.

आता माझ्या आजीकडे येते. आजी म्हणजे आईची आई. तिचे माहेर चाळीसगाव तालुक्यात, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. १९४८ साली ती तेरा वर्षांची होती. वैशाखात एका रात्री त्यांच्या वाड्यापुढे एक बैलगाडी येऊन उभी राहिली. वरच्या गावचे एक कुटुंब, नवरा-बायको, म्हातारी सासू आणि दोन लेकरे. ओळख ना पाळख. रझाकारांनी पेवातले धान्य उपसून नेले होते आणि कडब्याची गंजी पेटवली होती. म्हातारीने घरातले चार सोन्याचे मणी पिठाच्या डब्यात खुपसून आणले होते. माझ्या पणजोबांनी एक शब्द न विचारता पडवी रिकामी करून दिली. पणजीने त्या रात्री चूल पुन्हा पेटवून कळण्याच्या भाकरी थापल्या. ते कुटुंब दिवाळीपर्यंत तिथेच राहिले. आजी त्या बाईला काकू म्हणे. ही गोष्ट आजी आम्हाला दर सुट्टीत सांगत असे आणि आम्ही मोठ्या अभिमानाने ऐकत असू.

पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताची फौज हैदराबादेत शिरली. मुख्य फौज सोलापूरकडून गेली, पण एक तुकडी आपल्या चाळीसगावकडून घाट चढली आणि तिने कन्नड आणि दौलताबाद घेतले. आजी सांगे, रात्रभर गाड्यांचा आवाज येत होता आणि पोरे झाडांवर चढून बघत होती. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. गावात गुलाल उधळला. आजीची गोष्ट इथे संपत असे, आणि शाळेच्या पुस्तकातली गोष्टही इथेच संपत असे.

भगिनींनो, गोष्ट तिथे संपलेली नव्हती. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटचे दोन महिने मी तिच्यापाशी होते. एका दुपारी तिने मला जवळ बोलावले आणि पुढची हकीकत सांगितली. ती तिने माझ्या आईलाही कधी सांगितली नव्हती.

फौज गेल्यानंतरचे दिवस, पितरांचा पंधरवडा चालू होता. त्या दिवशी घरात पणजोबांच्या वडिलांची तिथ होती. खीर केली होती, वडे केले होते, कावळ्याला घास घातला होता. मध्यरात्री दार वाजले. बाहेर एक मणेरीण होती. वर्षानुवर्षे ती डोक्यावर टोपली घेऊन घाट उतरून बांगड्या भरायला येत असे. आजीच्या हातात पहिला हिरवा चुडा तिनेच भरलेला. सोबत तिची सून आणि सुनेच्या कडेवर लेकरू. वर आता सूड सुरू झाला होता. ज्यांनी जुलूम केला ते पळून गेले होते, आणि ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांच्यावर लोक तुटून पडले होते. ती म्हणत होती, “माय, एक रात राहू दे, सकाळी जातो.”

पणजोबा दाराशी गेले आणि थांबले. गावात चार-पाच पोरे काठ्या घेऊन हिंडत होती. जो कोणी त्यांना घरात घेईल त्याला बघून घेऊ, असे बोलत होती. शिवाय पडवीत काकूचे कुटुंब निजलेले. त्यांना काय वाटेल, ज्यांची गंजी जाळली त्यांच्यासमोर हिला कशी घरात घ्यायची, हाही विचार. त्यांनी खिडकीतून दोन भाकरी दिल्या, पाण्याचा तांब्या दिला, आणि सांगितले, पुढे जा. दाराची कडी काढली नाही.

सकाळी उठून पाहतात तो ओट्यावर तांब्या घासून पालथा घालून ठेवलेला. माणसे नव्हती. ती कुठे गेली, वाचली की नाही, हे पुढे कधीच कळले नाही.

काकूला सकाळी हे समजले. घरातल्यांना वाटले होते ती म्हणेल, बरे केले. ती काहीच बोलली नाही. बऱ्याच वेळाने तिने एवढेच विचारले, “लेकरू केवढे होते?” तर कोणी पाहिलेच नव्हते. अंधार होता, आणि पाहायचे नव्हते म्हणूनही पाहिले नव्हते.

आजी मला अहिराणीत म्हणाली, “पोरी, भाकर दिधी, पन दार उघाडं नही.” आणि तोंड भिंतीकडे केले.

तेव्हा मला एका गोष्टीचा उलगडा झाला. दारावर कोणी बांगडीवाली आली, मग ती कोणत्याही जातीची असो, आजी तिला आधी घरात बसवून जेवू घाली आणि मग बांगड्या भरी. आम्ही नाती हसत असू, की आजीला बांगड्यांची हौस फार.

आजी गेल्यावर मी मुलीला म्हटले, हे असे खरेच झाले होते का, कुठे लिहिले आहे का, ते बघ. तिने शोधून काढले आणि मला मराठीत समजावून सांगितले. त्या वेळी पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना हैदराबादेत पाठवले होते. त्यांनी नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबर १९४८ पर्यंत गावोगाव हिंडून अहवाल दिला. त्यात लिहिले आहे की फौजेच्या कारवाईच्या वेळी आणि नंतर मिळून २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत. बहुतेक सगळे मुसलमान. सर्वांत वाईट हालत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांची. औरंगाबाद आणि बीडही त्यातून सुटले नाहीत. विहिरी प्रेतांनी भरलेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. काही अधिकाऱ्यांनी लोकांना वाचवले, पण काही ठिकाणी शिपाई आणि पोलीसही लुटीत सामील झाले, असेही त्यात आहे. आकड्यांबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. परंतु असे काही झालेच नाही, असे आता कोणाला म्हणता येणार नाही. हा अहवाल सरकारने त्या वेळी छापला नाही. दिल्लीच्या नेहरू ग्रंथालयात तो लोकांना पाहायला मिळाला २०१३ साली, म्हणजे जवळजवळ पासष्ट वर्षांनी. माझी आजी जशी गप्प राहिली, तसाच तो कागदही गप्प राहिला.

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचताना माझी मुलगी थांबली. पुष्कळ हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्याबरोबर माग चालवणाऱ्या मुसलमान विणकरांना स्वतः पुढे होऊन सांभाळले, त्यात काहींचे प्राण गेले. पळवून नेलेल्या बायका परत आणायलाही हिंदू लोक झटले. म्हणजे त्याच दिवसांत, तशाच अंधारात, काही घरांच्या कड्या निघाल्या होत्या. आमच्या घराची निघाली नाही.

काही भगिनी मला म्हणतील, बाई, सणासुदीच्या दिवशी हे कशाला उकरून काढतेस? रझाकारांनी आधी केले, त्याचे फळ त्यांना मिळाले. मी विचारते, ते फळ मिळाले कोणाला? कासीम रझवीला शिक्षा झाली हे खरे, पण १९५७ साली तो सुटून पाकिस्तानात गेला. निजाम तर १९५० साली राजप्रमुख झाले. आणि टोपली डोक्यावर घेऊन हिंडणारी मणेरीण, तिने कोणाची गंजी पेटवली होती? रझाकारांनी जे केले त्याची मी रतिभर सारवासारव करत नाही. काकूच्या लेकरांची भीती खरी होती. मणेरणीच्या नातवाची भीतीही खरी होती. एकीची आठवण ठेवायची म्हणून दुसरीची पुसून टाकली पाहिजे, असा नियम कुठे आहे?

हे केवळ आपल्याकडेच झाले असेही नाही. १९७१ साल आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पूर्व पाकिस्तानला वेगळे व्हायचे होते. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी फौजेने ढाक्यात कत्तल सुरू केली. सुमारे एक कोटी माणसे पळून भारतात आली. त्यांच्यासाठी आपण पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावत होतो. बायकांवर झालेल्या अत्याचारांना तर गणतीच नव्हती. त्यांना नव्या बांगलादेशाने ‘बीरांगना’ असे नाव दिले, पण पुष्कळजणींना घरचे दार बंदच राहिले. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर तिथल्या उर्दू बोलणाऱ्या बिहारी लोकांवर सूड उगवला गेला. माणसे वेगळी, पण पहिल्या जुलमाचे निमित्त करून दुसरा जुलूम करण्याची तऱ्हा तीच. राज्य कोणाचे असावे हा तंटा मोठ्यांचा असतो, आणि तो आमच्यासारख्यांच्या ओट्यावर येऊन पडतो.

आता एक चांगली गोष्ट सांगते. सुंदरलालजी मराठवाड्यात फिरत होते त्याच दिवसांत, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात तीस कलमे आहेत. पहिल्या कलमाच्या मसुद्यात इंग्रजीत असा शब्द होता की त्याचा अर्थ ‘सर्व पुरुष’ असाही होतो. तिथे आपल्या देशाच्या हंसाबेन मेहता बसल्या होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने ज्यांनी राष्ट्रध्वज अर्पण केला, त्याच या. त्यांनी हट्ट धरला की असे चालणार नाही, ‘सर्व मानव’ असे लिहा. आणि तसे लिहिले गेले: सर्व मानव जन्मतः स्वतंत्र आहेत आणि त्यांची प्रतिष्ठा व हक्क समान आहेत. एका बाईने एक शब्द बदलला, आणि त्यात तुम्ही, मी, काकू आणि मणेरीण सगळ्या आलो.

हंसाबेनसारखे काम आपल्या हातून होणार नाही. पण चार गोष्टी आपल्याला करता येतील. पहिली, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. नुसती अभिमानाची गोष्ट नव्हे, दुसरी अर्धीही विचारा. ती सांगायला त्यांना वेळ लागेल, तेव्हा घाई करू नका. दुसरी, हल्ली काठ्या घेऊन हिंडणारी पोरे आधी मोबाईलवर येतात. कोणाविरुद्ध माथी भडकवणारा मजकूर आला तर तो आपल्या बोटाने पुढे जाऊ देऊ नका. तो मजकूर अमक्या मामांनी पाठवला असला तरी नको. तिसरी, कायद्याची ओळख ठेवा. १९९३ पासून राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आहे. पोलिसांकडून किंवा सरकारी माणसाकडून कोणावर अन्याय झाला तर साध्या कागदावर, आपल्या मराठीत, एक पैसाही फी न भरता तक्रार करता येते. मात्र ती एका वर्षाच्या आत केली पाहिजे. आपल्या मंडळात अर्ज लिहून देणाऱ्या दोघी-तिघी तयार झाल्या तर केवढे काम होईल!

चौथी गोष्ट सांगायला सोपी आणि करायला अवघड. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला, शिवणाच्या वर्गाला, भिशीला, आपल्याच गल्लीतल्या काही घरांना आपण बोलावत नाही. कोणी मुद्दाम ठरवले नाही, पण बोलावतही नाही. मीसुद्धा बोलावले नाही, म्हणून दोष कोणा एकीचा नव्हे. माझी सूचना एवढीच की पुढच्या महिन्यापासून शिवणाच्या वर्गाचे निमंत्रण गल्लीतल्या प्रत्येक घरी जावे, आणि ते आपण स्वतः दारात जाऊन द्यावे. सूचना मतास टाकावी अशी मी अध्यक्षबाईंना विनंती करते. वाईट वेळ येते तेव्हा दार उघडायचे धैर्य एकाएकी येत नाही. माझे पणजोबा दुष्ट नव्हते. वैशाखात ज्यांनी पडवी रिकामी करून दिली, तेच भाद्रपदात घाबरले. जाण्यायेण्याची सवय असली तर कडीकडे हात जायला तेवढा वेळ लागत नाही, असे मला वाटते.

आजीचा तो तांब्या आता माझ्याकडे आहे. पितळेचा आहे, जड आहे, एका बाजूला चेपला आहे. मी तो माळ्यावर टाकला नाही. रोज पाणी भरून बाहेरच्या खोलीत ठेवते. दारावर जो कोणी येईल त्याला त्यातूनच पाणी देते, आणि आत बसवून देते.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी. 

जय हिंद.